लांबचं माणूस आधी

गावात कुणी आजारी पडलं की ते आधी आमच्या दत्तूमामांना कळतं आणि मग डॉक्टरला, असं मामी म्हणायची. मामा गडमुडशिंगीचे. घरी चार म्हशी, थोडा ऊस, आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायला जाणं हा नेम. डेअरीतली रांग हेच त्यांचं वर्तमानपत्र. कुणाच्या छातीत कळ आली, कोण मोटारसायकलवरून पडलं, कुणाच्या सासऱ्याला कोल्हापूरला हलवलं, हे किटली काट्यावर चढेपर्यंत त्यांच्या कानावर आलेलं असायचं. घरी आले की रिकामी किटली मामीच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायचं, "टोपी दे गं." दुसरं काही सांगावं लागत नसे. मामीही टोपी देताना एवढंच विचारायची, "कुठला दवाखाना?"

मी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, हायस्कुलात गणित शिकवते. त्यामुळे दवाखान्याची फेरी झाली की मामा माझ्याकडे चहाला येणार हे ठरलेलं. घरी मामीला साखरेचा आजार, म्हणून स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायचे, माझ्याकडे मात्र दोन चमचे जास्त घालायला लावायचे आणि वर बजावायचे, "तुझ्या मामीला बोलू नगंस." चहा फुर्र करत, ज्याला बघून आले त्याची हकीकत सांगायचे. मी वैतागायचे. "मामा, हा माणूस तुमचा कोण?" असं विचारलं की उत्तर यायचं, "आमच्या डेअरीत दूध घालतोय की." झालं, तेवढं नातं त्यांना पुरत होतं. खरं तर तेवढंही लागत नव्हतं. एकाला बघायला जायचं आणि शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसाशी "पावणं, गाव कुठलं?" करून तासभर बोलत बसायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. गावातला एक गडी मांडीचं हाड मोडून पडला होता. त्याची बायको दारातच रडकुंडीला येऊन सांगू लागली, कालपासून भाकरीला शिवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेत, कुणाशी बोलत नाहीत. मामा आत गेले, स्टूल ओढलं, बसले. कसं वाटतंय, दुखतंय का, डॉक्टर काय म्हणाले, यातलं एक अक्षर नाही. म्हणाले, "तुझ्या शेजाऱ्यानं बांध कोरलाय बघ. चांगला हातभर आत आलाय." त्या माणसाने मान वळवली. "कुठल्या अंगाचा?" "हिरीच्या अंगाचा." मग काय विचारता. गडी कोपरावर उठून बसला, शेजाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि त्या भरात बायकोने पुढे केलेली भाकरी कधी खाऊन टाकली ते त्यालाही कळलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच कोरलाय बांध?" मामा म्हणाले, "न्हाय बा. पण जेवला का न्हाय?"

'बरं वाटेल', 'काळजी करू नका' असलं ते कधीच बोलायचे नाहीत. "त्येला कळतंय की, ह्यो उगंच म्हणालाय," हे त्यांचं मत. आणि मी फार कटकट केली की एक वाक्य ठेवणीतलं असायचं. "औषध काय, दुकानात मिळतंय. माणूस दुकानात मिळत न्हाय, नंदे. त्येला लांबनं यावं लागतंय."

या वेडामागे एक दुखणं होतं. गावात दस्तगीर नावाचे शिंपी होते, मामांचे शाळेपासूनचे दोस्त. मामांचे सगळे शर्ट त्यांच्याच हातचे, आणि एकाही शर्टाची मापं कधी घेतलेली नाहीत. दस्तगीरचाचांना शेवटच्या आजारात बाहेरगावी मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मामा दोन शहाळी घेऊन, दोन गाड्या बदलून तिथे पोहोचले. दारावरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" मामा म्हणाले, "दोस्त." तो म्हणाला, फक्त नातेवाइकांनाच सोडतो. भाऊ आहे म्हणून ठोकून द्यावं, तर एकाचं नाव दस्तगीर, दुसऱ्याचं दत्तू. अंधार पडेपर्यंत मामा फाटकात उभे राहिले आणि शहाळी तशीच घेऊन परत आले. चाचा त्यानंतर घरी आले नाहीत. "दारातनं माघारी आलेलं माणूस जल्मभर दारातच ऱ्हातंय," असं मामा म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा चहा कपात तसाच निवत राहायचा.

मामीबद्दल काय सांगू? मामा जेवढे गावभर, तेवढी ती घरात. दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. रस्त्याने चालताना मामा पुढे, मामी मागे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर. पण मामांना डेअरीतून यायला उशीर झाला की मामी म्हशीशी बोलल्यासारखं करत वाटेकडे बघत असायची, आणि मामांना सगळ्या गावाच्या हकीकती सांगायला शेवटी तीच लागायची. आम्ही आलो की दोघं गप्प. आम्ही झोपायला गेलो की स्वयंपाकघरातून दोघांचं हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं.

गेल्या पावसाळ्यात वैरण कापताना मामीच्या पायाला विळा लागला. साखर असलेल्या माणसाने जे करू नये तेच तिने केलं. हळद दाबली, चिंधी बांधली आणि कुणाला बोलली नाही. जखम चिघळली, ताप चढला, आणि आम्ही तिला कोल्हापुरात आणेपर्यंत संसर्ग रक्तात उतरला होता. डॉक्टरांनी सरळ अतिदक्षता विभागात घेतलं. मामा खाली काउंटरवर नाव-गाव सांगत उभे होते, तेवढ्यात तिला स्ट्रेचरवरून लिफ्टने वर नेलं. मामा वर आले तेव्हा दार बंद झालं होतं.

त्या दाराशेजारी पाटी होती. भेटण्याची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच. एका रुग्णासाठी दिवसातून एकाच व्यक्तीस प्रवेश. पासशिवाय आत सोडले जाणार नाही. फळे, फुले, नारळ आत नेऊ नयेत. लहान मुलांना आणू नये. रुग्णास जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी सहकार्य करावे. मामांना वाचता येतं, तरी त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

"म्हंजी दिसाला एकच माणूस?"

"एकच, मामा."

"मग बाकी आलेल्यांनी काय करायचं?"

बायको आत, दाराबाहेर हा माणूस, आणि पहिला प्रश्न काय, तर आलेल्यांचं काय. मला हसावं की रडावं कळेना.

पहिल्या संध्याकाळी त्यांची मुलगी वैशाली जयसिंगपूरहून धावत आली. रडून रडून डोळे सुजलेले. मामांनी पास तिच्या गळ्यात घातला. ते बरोबरच होतं, कुणीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी वैशालीचे सासू-सासरे आले. व्याही-विहीणबाई एवढ्या पावसातून आलेत, त्यांना बाहेरूनच बोळवायचं? मुलीच्या सासरी काय तोंड राहील? मामांनी विहीणबाईंना आत पाठवलं आणि व्याह्यांना घेऊन खाली चहाला गेले. तिसऱ्या दिवशी गावातून ट्रॅक्स भरून माणसं आली. त्यात मामीची एक म्हातारी मैत्रीण होती, काठी टेकत आलेली. पास तिला. त्यानंतर डेअरीचे चेअरमन आले. पास चेअरमनना.

मामा मात्र दवाखान्यातून हलत नव्हते. जिन्याजवळच्या बाकावर त्यांनी घोंगडं अंथरलं होतं. तिथे त्यांची पडवीच झाली होती म्हणा ना. येणाऱ्या प्रत्येकाला "आलासा? बसा की. पाणी प्या," करायचं, केळी घेऊन येतील त्यांची केळी शेजारच्या पेशंटच्या माणसांना वाटायची, पाच वाजता त्यातल्या सर्वांत लांबून आलेल्याला पास द्यायचा. आणि तो माणूस बाहेर आला की त्याला बाकावर बसवून, गुडघ्याला गुडघा लावून विचारायचं, "डोळं उघडं हुतं? वळखलं का? काय बोलली?" एकेक शब्द काढून घ्यायचे. विहीणबाई म्हणाल्या, "मला बसा म्हणाल्या." मामा खूश झाले. "बघ, पावण्यास्नी बसा म्हणती. शुद्ध चांगली हाय."

रोज सकाळी डॉक्टर जवळच्या नातेवाइकाला बोलावून परिस्थिती सांगायचे. तिथेही मामा मलाच पुढे ढकलायचे. "तू जा. तू शिकलेली हाईस. मला काय कळतंय त्यातलं." म्हणून किडनीवर परिणाम व्हायला लागलाय, ऑक्सिजन वाढवावा लागतोय, पुढचे दिवस अवघड आहेत, हे सगळं मला ठाऊक होतं, मामांना नव्हतं. मी एवढंच म्हणायचे, "मामा, आज तुम्ही जाऊन या." ते म्हणायचे, "मी काय हितंच हाय की. कवाबी जाईन. लांबचं माणूस आदी."

एकदा मी त्यांच्यावर चिडलेच. जिन्यात गाठून विचारलं, "मामा, खरं सांगा, भीती वाटते का तुम्हाला?"

मामा म्हणाले, "भ्या कशाचं? ती घरला येणारच हाय. मग बघायचंच हाय की रोज." मग हळूच म्हणाले, "आणि चारचौघांत बायकूला बघाय पळत सुटायचं, बरं दिसतंय व्हय गं?"

या बोलण्यातलं खरं किती आणि वरवरचं किती, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. भीती असेल, लाज असेल, दस्तगीरचाचांचं फाटक असेल. मला एवढंच दिसत होतं की दाराच्या सगळ्यांत जवळ बसलेला माणूसच तेवढा आत जात नव्हता.

मग एक दिवस पावसाने कहर केला आणि कुणीच आलं नाही. मला वाटलं, सुटलो, आज मामांशिवाय कुणी नाही. पाच वाजले तसा मामांनी पास माझ्यापुढे धरला. "तू जा. त्या मशीनवर काय दावतंय ते तुला कळंल." मी भांडायला तोंड उघडलं, पण त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी पास घेतला.

मामी जागी होती. नाका-तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पायाला मोठं बँडेज, चेहरा सुकून एवढासा झालेला. मला बघून तिने बोटांनी मास्क जरा खाली ओढला. सिस्टर ओरडतील म्हणून मी घाबरले, पण ती ऐकते थोडीच.

"हे जेवल्यात का?"

"जेवलेत."

"कुठं असत्यात?"

"बाहेरच. दारातच बसलेत. घरी गेलेच नाहीत."

"मग आत का येईनात?"

काय सांगणार? मी म्हटलं, "मामी, लांबून माणसं येतात ना, मग त्यांना सोडतात." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर मास्कच्या आत ती हसत होती. "खोडच हाय ती," म्हणाली. मग डोळे उघडून माझा हात धरला. हात तापाने भाजत होता. "उद्या त्यास्नीच लावून दे. मला बोलायचं हाय जरा."

"मला सांग ना. मी सांगते त्यांना."

"तुला सांगायचं न्हवं त्ये," मामी म्हणाली, आणि मी मास्क सारखा करून दिला.

बाहेर येऊन मी मामांना शब्दन् शब्द सांगितला. नेहमीसारखे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. "बोलायचं हाय म्हणाली?" एवढंच दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून आले. माझ्या घरी येऊन आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, आणि चार वाजल्यापासून दारासमोर पास गळ्यात अडकवून उभे राहिले. एखाद्या परीक्षेला आलेल्या पोरासारखे दिसत होते. दारावरचा वॉचमन रोज त्यांना बघत होता. तो म्हणाला, "आज तुमी व्हय आजोबा?" मामा म्हणाले, "व्हय. बोलवलंय." माझा जीव भांड्यात पडला.

आणि पाचाला थोडा वेळ असताना जिन्यातून शिरोळचे तात्या वर आले.

तात्या म्हणजे मामीचे थोरले भाऊ. ऐंशीच्या घरातला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. शिरोळच्या रस्त्यावर कृष्णेचं पाणी आलेलं, एसटी बंद. कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून, मग वळसा घालून दुसऱ्या गाडीने ते सकाळपासून वाटेवर होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं. बाकावर बसून दम खाल्ला आणि म्हणाले, "दत्तू, ह्या हातावर वाढवलीया तिला. एकदा बघून जातो. परत येणं हुतंय का न्हाय."

मामांचा हात गळ्यातल्या पासकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. "मामा, नाही. मामीनं तुम्हाला बोलावलंय." मग तात्यांकडे वळून म्हटलं, "तात्या, पाया पडते तुमच्या, आजचा दिवस मामांना जाऊ द्या. मामीला त्यांच्याशी बोलायचंय."

तात्या बिचारे लगेच म्हणाले, "आसं व्हय? मग जा की दत्तू. तूच जा. मी बसतो हितं."

तिथेच सगळं फिसकटलं. तात्या गप्प बसले असते तर कदाचित मामा आत गेले असते. पण पाहुणाच 'तू जा' म्हणाला म्हटल्यावर मामा कसले जातात. "न्हाय तात्या, तुमीच जावा." "आरं, तुला बोलवलंया न्हवं? तू जा." "मी उद्या जातो की. तुमी एवढ्या पाण्यातनं आलासा." "माझं काय, म्या बसतो." दोन म्हातारी माणसं, मध्ये तो दोरीला लटकलेला पास, आणि पाच वाजून गेलेले. वॉचमन म्हणाला, "पावणं, काय त्ये ठरवा. टाइम चालला."

मी त्याच्या विनवण्या केल्या. आज दोघांना सोडा, एकदाच सोडा. त्याने बाकांकडे बोट केलं. तिथे दुसऱ्या पेशंटची माणसं दाटीवाटीने बसली होती, सगळ्यांचे डोळे आमच्यावर. "ताई, मला बी कळतंय," तो म्हणाला, "पण तुमाला सोडलं तर ह्यास्नी काय सांगू?" त्याचंही खोटं नव्हतं. तेवढ्या वेळात मामांनी पास काढून तात्यांच्या गळ्यात घातला होता आणि त्यांना दंडाला धरून दारापर्यंत पोहोचवलं होतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. करणार काय दुसरं?

तात्या लवकरच बाहेर आले. "झोपली हुती," म्हणाले. "गाढ हुती. उठवली न्हाय मी."

"बरं केलासा," मामा म्हणाले. "झोप पायजेच. मी उद्या बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच मामीचा श्वास लागला. घशात नळी घालून यंत्रावर ठेवलं. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "ज्यांना बघायचंय त्यांना आत्ताच बघून घेऊ द्या." वॉचमनने दार उघडून धरलं. "जावा आजोबा."

मामा खिसा चाचपू लागले. "पास..."

"ऱ्हाऊ दे पास."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर दवाखाने पालथे घातलेला माणूस तो. पास मागत नाहीत म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दार उघडं होतं तरी ते उंबऱ्याशी खिळल्यासारखे उभे. शेवटी मी त्यांचा हात धरून आत नेलं.

मामी उताणी होती. तोंडात नळी, ती चिकटपट्टीने गालाला बांधलेली, डोळ्यांवर ओला कापूस. छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. सिस्टरने स्टूल पुढे केलं, "बोला आजोबा. ऐकू जातं त्यांना." मामा बसले. दोन्ही हात मांडीवर. कुणाचा बांध, कुणाची म्हैस, कुणाची खोडी, कुठल्याही खाटेशी बसून तास तास बोलणारा हा माणूस, आणि त्याला एक शब्द सुचेना. मी म्हटलं, "मामा, बोला काहीतरी."

मग ते बोलायला लागले, तिच्या कानाशी वाकून, स्वयंपाकघरात बोलायचे तसल्या आवाजात. "जयसिंगपूरची आली हुती सगळी. विहीणबाई आलत्या. चेअरमन आलते. तात्या आलता, एवढ्या पाण्यातनं. समदी येऊन गेली. कुणी ऱ्हायलं न्हाय." मग म्हणाले, "मीच तेवढा ऱ्हायलो हुतो." यंत्र चालू होतं. मामांनी पांघरुणाचं टोक उगाच सारखं केलं. "काय बोलायचं हुतं गं तुला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येणार असल्यासारखे वाट बघत बसले. मला तिथे उभं राहवलं नाही.

दुपारी मामी गेली.

नंतर दिवसकार्याला सगळं गाव येऊन गेलं. मामा पडवीत बसून असायचे. येणारा माणूस त्यांचं सांत्वन करायला बसायचा आणि मामा त्यालाच विचारू लागायचे, "तू गेलतास न्हवं आत? काय बोलली तुझ्याबरं?" जी माणसं आत जाऊन आली होती, त्यांच्याकडे जे काही चार शब्द होते, ते मामा परत परत मागून घ्यायचे. काठीवाल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन आले. चेअरमनच्या घरी जाऊन आले. जयसिंगपूरला विहीणबाईंकडे गेले, आणि त्या 'बसा म्हणाल्या' एवढं ऐकण्यासाठी एवढ्या लांब आलेला माणूस बघून विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्याकडे तर किती वेळा आले. मी दर वेळी सगळं सांगते. जेवल्यात का म्हणाली, खोडच हाय ती म्हणाली, हसली. 'बोलायचं आहे' हे आलं की मामा मान खाली घालतात. काय बोलायचं असेल यावर आम्ही दोघांनीही कधी तर्क केला नाही. त्यांना तो करवत नाही आणि मला धीर होत नाही.

दिवाळीनंतर म्हणाले, "नंदे, शिरोळला येतीस का? तात्याला बघून येऊ." मी गेले. पूर कधीच ओसरला होता, रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले होते. तात्या अंगणात खाटेवर बसले होते, उठता येत नव्हतं. सुनेने चहा आणून ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मामा खाटेजवळ सरकले.

"तात्या, त्या दिशी तुमी आत गेलतासा."

"गेलतो की. झोपली हुती. सांगिटलं न्हवं तुला?"

"व्हय, सांगिटलासा." मामांनी कप खाली ठेवला. "झोपलेली कशी हुती?"

तात्यांना कळेना. "म्हंजी?"

"म्हंजी, कुठल्या कुशीवर हुती?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं. तात्यांनी समोरच्या रस्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "उजव्या. उजव्या कुशीवर हुती बघ. आणि हात आसा, गालाखाली घेतलेला."

"व्हय," मामा म्हणाले. "तशीच झोपती ती."

अतिदक्षता विभागात सुया, नळ्या आणि मास्क लावलेल्या माणसाला कुशीवर वळता येत नाही. मी आत गेले तेव्हा मामी उताणीच होती, मामांनी तिला शेवटचं पाहिलं ते उताणीच. हे तात्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मामांनाही माहीत होतं. मामांनी कप उचलला आणि निवलेला चहा सगळा पिऊन टाकला.